ख्रिस्ती उपवास आणि शेजाऱ्याचे ताट

गोव्यात इंत्रुजाचे, म्हणजे कार्निव्हलचे दिवस आले की गावोगावचे रस्ते गजबजून जातात. सोंगे निघतात, रंग उधळले जातात, ढोलांचा आणि गितारींचा आवाज रात्री उशिरापर्यंत कानांवर येत राहतो. मंगळवारी रात्री हा सारा गलबला थांबतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावातील माणसे चर्चमध्ये निमूटपणे रांगेने उभी राहिलेली दिसतात. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख केलेली असते. धर्मगुरू त्या राखेची खूण प्रत्येकाच्या कपाळावर करतात आणि माणूस मातीतून आला, मातीतच त्याला जायचे आहे, ह्याची आठवण देतात. हाच राखेचा बुधवार. ह्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा जो काळ, त्याला मराठी ख्रिस्ती समाज उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतो आणि गोव्यातील ख्रिस्ती माणूस 'करेज्म' म्हणतो. 'चाळिसावा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पोर्तुगीज भाषेत आणि तेथून कोकणीत आलेला हा शब्द आहे. 'इंत्रुज' ह्या शब्दाच्या मुळाशीदेखील 'प्रवेश' हाच अर्थ आहे. उपवासात प्रवेश करण्यापूर्वीचे ते दिवस होत.

अशा एखाद्या बुधवारी हिंदू शेजारीण आपल्या ख्रिस्ती मैत्रिणीला सहज विचारते, "आज तुमचा उपास ना हो बाई? मग फराळाला काय करणार?" मैत्रीण सांगते, "आमच्यात फराळ असा काही नसतो. एकदाच पोटभर जेवायचे आणि मांसाला शिवायचे नाही." शेजारणीला नवल वाटते. साबुदाणा नाही, वरई नाही, रताळे नाही, आणि भात मात्र चालतो! मग ती पुढचा प्रश्न विचारते, "पण शुक्रवारी तुमच्याकडे मासे चालतात, ते कसे?" ह्यावर मैत्रीण एवढेच म्हणते, "पूर्वीपासून तसेच आहे." ह्या उत्तराने विचारणारीचे समाधान होत नाही, आणि खरे पाहता उत्तर देणारीचेही होत नाही. तो प्रश्न तसाच कुंपणावर राहून जातो. त्याचे उत्तर शोधू गेल्यास ख्रिस्ती उपवासाच्या अगदी गाभ्यापर्यंत जावे लागते.

प्रथम आज प्रचलित असलेला नियम पाहू. कॅथलिक धर्मसभेच्या 1983 सालच्या धर्मविधिसंहितेप्रमाणे राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे आहेत. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यावयाचे. सकाळी व सायंकाळी थोडेसे खाण्यास मोकळीक आहे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत हे बंधन असते. मांसवर्जन हा त्याहून निराळा नियम आहे. तो चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू असून मूळ दंडकाप्रमाणे वर्षातील प्रत्येक शुक्रवारी पाळावयाचा असतो, कारण शुक्रवार हा ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचा वार. मात्र त्याऐवजी प्रार्थना, दानधर्म किंवा अन्य प्रकारचा त्याग ठरविण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशपांना दिलेला आहे. आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, अंगमेहनतीचे काम करणारे मजूर ह्यांना उपवासाची सक्ती नाही. नियम इतकाच आहे. वर्षाकाठी अनेक एकादश्या, चतुर्थ्या आणि सोमवार करणाऱ्या घराला तो अगदीच हलका वाटेल. आणि रमजानचा महिनाभर दिवसा पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याला तर त्याहूनही हलका वाटेल.

परंतु नियम म्हणजे केवळ उंबरठा. आतील घर चाळीस दिवसांचे आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात; पण प्रत्येक रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा आनंददिन असल्यामुळे मधले सहा रविवार उपवासात धरीत नाहीत आणि चाळीस उरतात. ईस्टर हा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून असतो, त्यामुळे राखेचा बुधवारही दरवर्षी पुढे-मागे सरकतो. चाळीस ह्या संख्येला बायबलमध्ये मोठा अर्थ आहे. सीनाय पर्वतावर मोशे चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून राहिला. एलिया हा संदेष्टा चाळीस दिवस चालत होरेब पर्वतापर्यंत गेला. आणि लोकांमध्ये उपदेश करण्यास आरंभ करण्यापूर्वी येशू ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला. तेथे त्याला भूक लागली तेव्हा सैतानाने त्याला दगडांच्या भाकरी करून दाखविण्याचा मोह घातला. ख्रिस्ताने तो नाकारला आणि माणसाच्या जगण्याला भाकरीहूनही मोठा एक आधार आहे, असे शास्त्रवचनाच्या आधारे उत्तर दिले. एवढ्यावरून कोणी म्हणेल की ख्रिस्ताला भाकरीचे मोल नव्हते. परंतु ज्याने स्वतःच्या भुकेसाठी दगडाची भाकरी केली नाही, त्याच ख्रिस्ताने पुढे हजारो भुकेल्या माणसांना भाकरी वाटली, असे शुभवर्तमान सांगते. स्वतःच्या भुकेला थांबवायचे आणि दुसऱ्याच्या भुकेला थांबवायचे नाही, ही त्या उपवासाची पहिली खूण होय.

उपवास करावा किंवा न करावा, ह्याविषयी ख्रिस्ताने फारसे नियम घालून दिलेले नाहीत. कसा करू नये, हे मात्र त्याने स्वच्छ सांगितले. उपवास करणाऱ्याने तोंड उतरवून लोकांत फिरू नये. उलट डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, म्हणजे हा उपवास करतो आहे हे देवावाचून कोणाला कळणार नाही, असे त्याचे सांगणे होते. आठवड्यातून दोनदा उपवास करतो म्हणून देवापुढे प्रौढी मिरविणारा परूशी आणि मान खाली घालून क्षमा मागणारा जकातदार ह्यांची त्याने जी गोष्ट सांगितली, तीत देवाला मान्य झाला तो जकातदार. त्याच्याही शेकडो वर्षे आधी यशया ह्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायात हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने आलेला आहे. आम्ही उपवास करतो, मग देव आमच्याकडे का पाहत नाही, अशी लोकांची तक्रार असते. त्यावर उत्तर मिळते ते असे की, उपवासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता आणि आपसांत भांडता. खरा उपवास म्हणजे जुलमाची बंधने सोडणे, भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा देणे, बेघराला घरात घेणे. आजही उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात हा भाग चर्चमध्ये वाचला जातो.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी हा धडा कसा गिरविला, ह्याचे काही पुरावे सुदैवाने उरले आहेत. 'डिडाखे' नावाची एक अतिप्राचीन ग्रीक पुस्तिका 1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे हस्तलिखितरूपाने सापडली. तीत बुधवारी व शुक्रवारी उपवास करावा असे सांगितले आहे. दुसऱ्या शतकात ॲरिस्टायडीझ नावाच्या अथेन्समधील तत्त्वज्ञाने रोमन सम्राटाला ख्रिस्ती लोकांची हकीकत लिहून कळविली. त्यांच्यात कोणी दरिद्री असला आणि त्याला देण्यासारखे घरात काही शिल्लक नसले, तर हे लोक दोन-तीन दिवस स्वतः उपवास करतात आणि त्याच्या अन्नाची सोय करतात, असे त्या लेखात आहे. त्याच शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' ह्या ग्रंथात तर उपवासाचा हिशेबच मांडला आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढेच घ्यावे; एरवी जे जेवलो असतो त्याला किती खर्च आला असता ते मोजावे; आणि तेवढी रक्कम एखाद्या विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी, असे तेथे सांगितले आहे. ह्यात गूढ असे काही नाही. गृहिणीने महिन्याच्या वाणसामानाची यादी करावी तितके ते सरळ आहे. ताटातून जे उचलले, ते दुसऱ्या एका ताटात पोचले पाहिजे. पोचले नाही तर तो उपवास नव्हे, ती काटकसर झाली.

किती दिवस आणि कसा उपवास करावा, ह्याविषयी त्या काळी एकवाक्यता नव्हती. कोणी एक दिवस करीत, कोणी दोन दिवस, कोणी सलग चाळीस तास. सुमारे 190 साली लिओं येथील बिशप आयरेनियस ह्याने रोमच्या बिशपला पाठविलेल्या पत्रात ह्या भिन्नतेचा उल्लेख आहे. तो म्हणतो की उपवासाच्या रीतीत फरक असूनही सर्वजण सलोख्याने राहिले आणि त्या फरकामुळेच श्रद्धेतील ऐक्य अधिक स्पष्ट झाले. पुढे चौथ्या शतकात चाळीस दिवसांची चौकट रूढ झाली. 325 सालच्या निकेया धर्मपरिषदेच्या नियमांत तिचा उल्लेख सापडतो. तथापि रीती भिन्न राहिल्याच. केरळातील सुरियानी ख्रिस्ती लोकांचा पन्नास दिवसांचा 'नोयंबु' प्रसिद्ध आहे. त्यात परंपरेने मांसाबरोबर मासे, अंडी आणि दूधही वर्ज्य मानतात.

387 सालची एक घटना ह्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. सीरियातील अँटिऑक शहरात नवीन कराच्या रागाने खवळलेल्या जमावाने सम्राट थिओडोशियस आणि त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडले व रस्त्यांतून ओढीत नेले. राजद्रोहाचा हा गुन्हा होता. साऱ्या शहराची कत्तल होणार, अशी भीती पसरली. वृद्ध बिशप फ्लेव्हियन क्षमायाचनेसाठी राजधानीकडे निघाला आणि मागे राहिलेल्या भयभीत लोकांना धीर देण्याचे काम त्याचा तरुण धर्मगुरू जॉन ह्याच्याकडे आले. हाच पुढे क्रिसोस्टम, म्हणजे 'सुवर्णमुखी', म्हणून विख्यात झाला. तो उपवासकाळ होता आणि शहरातील लोक मरणाच्या भीतीने कडक उपवास करीत होते. त्यांना तो सांगत होता की, केवळ तोंडाने उपवास करू नका. हातांचा उपवास लाच आणि लोभ ह्यांपासून, डोळ्यांचा उपवास वाईट नजरेपासून, कानांचा उपवास चहाड्यांपासून झाला पाहिजे. पशूचे मांस वर्ज्य करून आपल्या भावाचे मांस निंदेने तोडीत राहिलात तर काय मिळविलेत, असा त्याचा प्रश्न होता. ईस्टरच्या सुमारास सम्राटाने क्षमा केल्याची वार्ता आली. त्यापूर्वी काही नागरिकांना शिक्षा होऊन गेल्या होत्या. पण शहर वाचले. तो प्रश्न मात्र आजही जेथे उपवासाच्या दिवशी शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या निघतात तेथे उभा राहतो, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो.

ह्याच काळात ईजिप्तच्या वाळवंटात तपश्चर्या करणाऱ्या वृद्ध संन्याशांची एक आठवण जॉन कॅशियन ह्या लेखकाने नमूद करून ठेवली आहे. हे संन्यासी आयुष्यभर उपवास करीत. परंतु एखादा पाहुणा दाराशी आला की उपवास मोडून त्याच्याबरोबर जेवीत. एकाने त्यांना ह्याचे कारण विचारले. वृद्धाचे उत्तर असे होते की, उपवास तर सदैव आपल्यापाशी आहे, पाहुणा मात्र थोड्याच वेळात जाणार. शिवाय उपवास हा आपल्या खुशीचा आहे आणि प्रेम ही आज्ञा आहे. ज्या समाजात अतिथीला देव मानतात त्या समाजाला ही आठवण परकी वाटणार नाही. उपवास मोठा खरा, पण समोर बसलेला माणूस त्याहून मोठा, एवढे त्या वाळवंटातील लोकांना निश्चित ठाऊक होते.

पुढील शतकांत मात्र जे सर्व धर्मांत होते तेच येथेही झाले. नियम वाढले आणि नियमांबरोबर पळवाटाही वाढल्या. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात दिवसातून एकदाच, तेही सायंप्रार्थनेनंतर जेवावयाचे आणि मांसाबरोबरच अंडी, दूध, लोणी, चीज ही सारी वर्ज्य, असा दंडक होता. भूक लागली तशी सायंप्रार्थनाच हळूहळू अलीकडे आली आणि अखेर ती दुपारीच म्हटली जाऊ लागली. घड्याळ फसविले गेले, पण नियम मोडला नाही! मग रात्री पोट रिकामे राहते म्हणून थोडा अल्पाहार रूढ झाला. मठांत संध्याकाळी कॅशियनच्या 'कोलात्सिओनेस' ह्या ग्रंथाचे वाचन होत असे; त्याच सुमारास हा अल्पाहार घेत असल्यामुळे त्यालाही त्या ग्रंथाचेच नाव पडले. लोणी खाण्याची परवानगी पैसे देऊन मिळू लागली. फ्रान्समधील रूआं शहराच्या कॅथीड्रलचा एक भव्य मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. लोण्याच्या परवानगीसाठी श्रीमंतांनी दिलेल्या पैशातून तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभारू लागले, असे परंपरा सांगते. मनोरा सुंदर आहे. पण हर्मासच्या हिशेबातली विधवा त्या हिशेबातून गळून गेली, हे विसरता येत नाही.

ह्या प्रकाराविरुद्ध बंड होणे अटळ होते. 1522 सालच्या उपवासकाळात स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे फ्रोशाउअर ह्या मुद्रकाच्या घरी काही मंडळींनी उघडउघड मांसाचे सॉसेज खाल्ले. त्या वेळी तेथे हजर असलेल्या झ्विंग्ली ह्या धर्मोपदेशकाने स्वतः ते खाल्ले नाही. परंतु उपवास करणे वा न करणे ह्याचे स्वातंत्र्य ख्रिस्ती माणसाला आहे, असे प्रतिपादन करणारे प्रवचन त्याने लवकरच दिले. स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेची ती नांदी ठरली. प्रॉटेस्टंट पंथांत उपवास पुष्कळसा ऐच्छिक राहिला, तो ह्याच विचारामुळे. कॅथलिक धर्मसभेनेही नियमांचा भार पुढे कमी केला. 17 फेब्रुवारी 1966 रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी काढलेल्या आज्ञापत्राने चाळीसही दिवसांची सक्ती उरली नाही. त्याचप्रमाणे ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वीचा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून असे, इतका की तोंड धुताना पाण्याचा घोट चुकून घशाखाली गेला तरी जुन्या पिढीतील माणसे घाबरत. 1953 साली पाण्याला मोकळीक मिळाली, 1957 साली हा काळ तीन तासांवर आणि 1964 साली एका तासावर आला.

ह्या सवलतींनी पुष्कळांना वाटले की उपवास संपला. वस्तुतः 1966 च्या आज्ञापत्राचा रोख निराळा होता. सक्ती कमी केली ती जबाबदारी वाढविण्यासाठी. सुखवस्तू देशांतील ख्रिस्ती लोकांनी त्यागाची आणि दानाची साक्ष द्यावी. ज्या देशांत लोक मुळातच दारिद्र्य भोगीत आहेत तेथे त्यांनी आपले कष्ट प्रार्थनेने देवाला अर्पण करावे आणि न्यायासाठी झटावे, असे त्यात सुचविले आहे. ज्याच्या घरी रोजच अर्धे पोट जेवण आहे, त्याला उपवास शिकविण्याचा अधिकार कोणाला आहे? हा विचार त्या आज्ञापत्रामागे स्पष्टपणे उभा आहे.

आता कुंपणावरच्या त्या प्रश्नाकडे परत जाता येते. मासे का चालतात? जुन्या लॅटिन नियमातील 'मांस' ह्या शब्दात जमिनीवरील पशू आणि पक्षी ह्यांचेच मांस येत होते, मासे येत नव्हते. मांस हे मेजवानीचे, सणाचे अन्न होते. ते सोडणे म्हणजे सण सोडून शोकात बसणे होते. मुळातला अर्थ असा आहे. परंतु समुद्रकाठच्या गोव्यात हा नियम आला तेव्हा त्याचा अर्थ पालटला. ज्या घरी मासळीवाचून घास उतरत नाही, त्या घराने शुक्रवारी सुरमईचे जाड तुकडे तळले आणि सुंगटांची कढी केली, तर नियम अक्षरशः पाळला जातो. पण उपवासाचे काय? आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' अशी एक म्हण आहे. ती ज्या घरात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू एकाच दिवशी होतात त्या घराला जशी लागू पडते, तशीच ह्या शुक्रवारच्या सुरमईलाही लागू पडते. आणि त्याच गावात, त्याच शुक्रवारी, एखाद्या घरी पेज आणि खारा बांगडा एवढेच ताटात असते. त्या घरचा माणूस उपवास करीत नसतो. त्याच्यावर तो पडलेला असतो. सुरमई सोडणाऱ्याने तिचे पैसे ह्या घराकडे वळविले, तर त्या शुक्रवारी दोन्ही घरांत काहीतरी घडले असे म्हणता येईल.

ह्याच्या उलट टोकाचीही एक चूक आहे आणि तीही सांगितली पाहिजे. सिएना येथील संत कॅथरिन हिने तरुण वयातच अन्न इतके कमी केले की पुढे तिला अन्न पचेनासे झाले; 1380 साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली. तिची थोरवी सर्वमान्य आहे. परंतु देहदंड हे साधन आहे, साध्य नव्हे, हे तिने स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. तिच्याही आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या मठाच्या नियमांत एक सुज्ञ अट घातली होती. उपवासकाळात कोणाला नेहमीपेक्षा अधिक त्याग करावयाचा असेल तर तो त्याने आपल्या मठाधिपतीच्या संमतीनेच करावा. संमतीवाचून केलेल्या त्यागात पुण्यापेक्षा अहंकारच अधिक असतो. आजच्या काळात वजन उतरविण्यासाठी केलेल्या लंघनाला उपवासाचे नाव देण्याची रीत पडली आहे. लंघनाने देहाचे हित होत असेल तर ते अवश्य करावे. परंतु त्यातला हिशेब आरशापुढे सुरू होऊन आरशापुढेच संपतो. त्यात दुसरे माणूस कोठेही येत नाही.

दुसरे माणूस आले पाहिजे, हाच ह्या साऱ्या परंपरेचा आग्रह आहे. पाचव्या शतकात पोप थोर लिओ आपल्या उपवासकाळातील प्रवचनांत पुनःपुन्हा सांगत की, उपवासाने वाचलेले गरिबाच्या मुखी पडावे. जर्मनीतील कॅथलिक बिशपांनी जगातील भूक आणि रोग ह्यांच्या निवारणासाठी 'मिझेरिओर' ही संस्था काढली आणि 1959 सालच्या उपवासकाळात तिच्यासाठी पहिली वर्गणी जमविली. भारतात 1962 साली स्थापन झालेली 'कॅरिटास इंडिया' ही संस्थाही उपवासकाळातच भूक आणि रोग ह्यांविरुद्ध मोहीम चालविते. मिझोराममधील प्रॉटेस्टंट घरांतील बायका तर उपवासाच्या दिवसाचीही वाट पाहत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे अशी रीत आहे की, रोज भात शिजविताना गृहिणीने मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायचे आणि ते चर्चच्या कार्यासाठी द्यायचे. मराठी माणसाला ही रीत ओळखीची आहे. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नावच सांगते की मूठमूठ धान्यातून काय उभे राहू शकते. धर्म निराळे, प्रांत निराळे, मूठ तीच.

'उपवास' ह्या आपल्या शब्दाचा अर्थ 'जवळ राहणे' असा सांगतात. देवाजवळ राहणे, हा अर्थ सर्वांना परिचित आहे. ख्रिस्ती उपवास त्यात एवढीच भर घालतो की, देवाजवळ जाणारी वाट भुकेल्याच्या अंगणातून जाते आणि त्या अंगणाला वळसा घालून गेलेला माणूस इच्छित स्थळी पोचत नाही. भुकेची थोडी ओळख स्वतःच्या पोटाला झाल्यावाचून दुसऱ्याच्या भुकेची बातमी खरी वाटत नाही. आपली भूक सायंकाळी संपणार आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्याला ते ठाऊक नसते. उपवासाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पोटात जी कालवाकालव होते, तिचा उपयोग जर काही असेल तर हा आहे.

उपवासकाळ अखेर शुभ शुक्रवारी पोचतो. त्या दिवशी चर्चमधील वेदी उघडी असते, घंटा वाजत नाहीत. आणि शनिवारच्या रात्री अंधारात एक नवी मेणबत्ती पेटविली जाते, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे करीत सारे देऊळ उजळते. रविवारी सकाळी घराघरांत गोडधोड होते आणि शेजाऱ्यांकडे ताटे जातात. त्या सकाळी जर ती ख्रिस्ती मैत्रीण कुंपणापाशी ताट घेऊन आली आणि तिच्या शेजारणीने पुन्हा विचारले की चाळीस दिवस तुम्ही काय सोडले होते, तर तिने सोडलेल्या पदार्थांची यादी सांगण्याची गरज नाही. गावाच्या टोकाला जेथे रोज पेजच असते, त्या घरी ह्या चाळीस दिवसांत काय पोचले, एवढेच तिने मनाशी आठवून पाहावे. शेजारणीला ते सांगू नये. ते गुप्त ठेवावे, असे तिच्या गुरूनेच तिला सांगितलेले आहे.